नळी हवी, पण कुठे?

कनेरगाव नाक्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आमच्याकडची पोरे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. तरी सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाऊन पाण्याखालचे जग पाहून येणारे आता इथेही भेटतात, आणि एक प्रश्न हमखास निघतो. पाठीवर हवेची टाकी असताना तोंडाजवळ ती वाकडी नळी, म्हणजे स्नॉर्केल, कशाला?

प्रश्न रास्त आहे. खोल पाण्यात ती निरुपयोगीच. दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. हवा त्याच दाबाने मिळाली, तरच छाती फुगते. कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या उपकरणाचे मर्म हेच. उलट लोंबती नळी प्रवाहात मास्क ओढते, दोरीत किंवा जाळ्यात अडकते.

पण संकट खोलातच गाठते असे नाही. वर यावे, तर होडी लांब, टाकी संपत आलेली, लाटा तोंडावर. अशा वेळी चेहरा पाण्यात ठेवून, टाकीतली हवा न खर्चता श्वास घेता येतो, तो या नळीनेच. विहिरीचा काठ हाताशी असतो, समुद्राचा नसतो.

म्हणून माझे मत असे: नळी सोबत असावी, घडी घालून खिशात. किनाऱ्यापासून लांब पोहत जायचे असेल, तर मास्कच्या डाव्या बाजूला लावावी; टाकीची नळी उजवीकडून येते. मात्र वापराचा सराव आधी उथळ पाण्यात करावा. कधी न हाताळलेली नळी असून नसल्यासारखीच.