सिंगल फेजच्या पाड्यावर तीन फेजची मोटर

शहापूर-मुरबाड हा भाताचा टापू. गिरणी असो वा बोअर, मोटर लागतेच. पण पाड्यावरच्या घरगुती जोडणीत येते ती सिंगल फेज, २३० व्होल्ट. मोटरीचा वेग हवा तसा ठेवायला व्हीएफडी, म्हणजे ड्राइव्ह बसवावा, असं कुणालाही वाटेल.

ड्राइव्ह एसीचं डीसी करतो आणि त्यातून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची एसी पुन्हा घडवतो. ५० हर्ट्झवर चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. २५ हर्ट्झवर त्याच्या निम्मे.

घोळ होतो तो कंडेन्सरवर सुरू होणाऱ्या सिंगल फेज मोटरीत. तिचं स्टार्टिंग वाइंडिंग काही क्षणांपुरतंच असतं. वेग पाऊणपट झाला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच टक् करून ते तोडतो. ड्राइव्हने वेग फार उतरवला की स्विच पुन्हा जुळतो, वाइंडिंग तापतं, वार्निश जळाल्याचा वास सुटतो आणि मोटर निघते रिवाइंडिंगला. ड्राइव्हची तुकड्यातुकड्यांची वीज कंडेन्सरलाही मानवत नाही.

त्यापेक्षा मोटरच तीन फेजची घ्यावी. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारे छोटे ड्राइव्ह मिळतात. आउटपुट मात्र २३० व्होल्टच असतं. म्हणून ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या मोटरीच्या पट्ट्या डेल्टात फिरवाव्या लागतात. हे काम वायरमनचंच!

पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती जवळपास निम्मीच लागते. खोल बोअरला मात्र हे गणित लावू नये; वेग फार उतरला तर पाणी वर चढतच नाही.