समुद्री शेवाळाची बाटली : औषध की टॉनिक?

नातेपुत्यात आमचा धंदा कापडाचा. पण दुकानाची उधारी फिटते डाळिंब-उसाच्या पैशातून. म्हणून फवारणीचा खर्च आम्हीही पाहतो. समुद्री शेवाळाचा अर्क काही विक्रेते ‘किडीवर नैसर्गिक औषध’ म्हणून गळ्यात मारतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लागवड होणाऱ्या काप्पाफायकस शेवाळाच्या अर्काने पिकाची वाढ सुधारते. तपकिरी शेवाळातील लॅमिनारिन झाडाची रोगप्रतिकारशक्ती जागी करते. मावा, फुलकिडे मारणे मात्र या टॉनिकचे काम नव्हे. २०२१ पासून असे अर्क खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजक म्हणून येतात. कीटकनाशकाला १९६८ च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. ताग्यावरचा मिलचा छाप पाहतो, तशी बाटलीवरची नोंदणी पाहावी, पक्की पावती घ्यावी. किडीसाठीच हवे असेल तर नोंदणीकृत निंबोळी औषध, म्हणजे अझाडिरॅक्टीन, मागावे.