अंडाकृती चेंडूची गोष्ट : 8 – धाकटा क्रॅकावर

गेल्या आठवड्याच्या लेखात माल्कम ब्लाइट आला, 1982 च्या हंगामातले त्याचे 103 गोल आले आणि नॉर्थ मेलबर्नचा तो संघही आला. त्या संघातली दोन नावं मी मुद्दाम मागे ठेवली होती. त्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियातून जिम आणि फिल क्रॅकावर हे सख्खे भाऊ नॉर्थमध्ये दाखल झाले. जिम थोरला, 1958 चा. फिल 1960 चा. आजचा लेख फिलवर आहे. त्यात जिम वारंवार डोकावणार, त्याला इलाज नाही. फिलबद्दल लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाची हीच गत होते, आणि फिलकडे दुर्लक्ष होण्याचं अर्धं कारणही तेच.

नव्याने वाचायला लागलेल्यांसाठी ऑस्ट्रेलियन फुटबॉलची थोडी उजळणी. एका संघाचे 18 खेळाडू, मैदान क्रिकेटचंच. फेब्रुवारी 1981 मध्ये पायचीतच्या निर्णयावर चिडून सुनील गावसकर चेतन चौहानला घेऊन ज्या मैदानातून निघाले होते, मेलबर्नच्या त्याच एमसीजीवर हिवाळ्यात हा खेळ रंगतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून पायाने मारलेला चेंडू गेला तर 6 गुण, बाजूच्या फटींतून गेला तर 1. ऑफसाइड नाही, त्यामुळे कोणीही कुठेही उभा राहू शकतो. लांबून आलेला चेंडू हवेतल्या हवेत झेलला की झेलणाऱ्याला निर्धास्त किक मारायची मुभा मिळते; या झेलाला मार्क म्हणतात. म्हणून गोलासमोर एक उंचापुरा गडी उभा करायचा आणि त्याच्या डोक्यावर चेंडू टाकत राहायचं, ही त्या काळातली सरधोपट रीत.

पण दर खेपेला झेल बसतो कुठे? उंच गड्याबरोबर त्याचे रखवालदारही उडी मारतात, सहा-आठ हात एकमेकांत अडकतात आणि चेंडू खाली येतो. दहीहंडीत सगळ्यांच्या माना वर असताना खाली काय सांडतंय यावर डोळा ठेवून एखादं पोर उभं असतंच. छोटा फॉरवर्ड म्हणजे ते पोर. ऑस्ट्रेलियात त्याला क्रंबर म्हणतात.

बघणाऱ्याला वाटतं, हे नशिबाचं काम. चेंडू याच्याच पुढ्यात पडला, याने उचलला, मारला. प्रत्यक्षात पडणाऱ्या चेंडूलाही एक शिस्त असते. बचावाचा गडी बहुधा फॉरवर्डच्या पाठीमागून उडतो आणि मुठीने चेंडू पुढे ठोसतो, म्हणजे जिकडून आला तिकडेच परत पाठवतो. त्यामुळे क्रंबरने घोळक्याच्या मागे किंवा खाली घुटमळण्यात अर्थ नाही. त्याने घोळक्यासमोर, नेमक्या मधोमध, चार-पाच पावलं अंतर ठेवून पोहोचायचं. तेही उभं राहायचं नाही, पळत यायचं. आधी पोहोचला तर पाय जड होतात, उशीर झाला तर दुसरा कोणी चेंडू घेऊन पसार झालेला असतो. त्यात चेंडू अंडाकृती. पोटावर पडला तर सरपटतो, टोकावर पडला तर कुठे उडेल याचा भरवसा नाही. तो गुडघ्याखाली, पूर्ण वेगात, कंबरेला लटकलेल्या गड्यासकट उचलायचा आणि पुढच्या क्षणी तिरक्या कोनातून दोन खांबांत घालायचा. उचलल्यावर मान वर करून बघायला वेळ नसतो. कोण कुठे आहे हे चेंडू जमिनीला लागण्याआधीच डोक्यात असावं लागतं.

फिल क्रॅकावरचं वेगळेपण असं की पुष्कळदा तो चेंडू उचलतच नसे. या खेळात हातात धरलेला चेंडू फेकायला बंदी आहे. तो एका तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून द्यावा लागतो. पण जो चेंडू अजून ताब्यातच घेतलेला नाही, त्याला उघड्या तळव्याने टपली मारून पुढे सारायला हरकत नाही. फिल तेच करायचा. तीन जण वाकून चेंडूसाठी झोंबत असताना त्याचा हात मधून निघे, चेंडूला हलकी टपली बसे आणि चेंडू मोकळ्या गवतावर दोन टप्पे घेत पुढे जाई. तिथे त्या क्षणी कोणी नसे. पुढच्या क्षणी जिम असे. फिल बघून देत नसे, जिम हाक मारत नसे. प्रतिस्पर्धी वाकलेले, प्रेक्षकांच्या नजरा अजून घोळक्यावर, आणि जिम गोलाकडे निघालेला. फलकावर नाव जिमचं लागायचं. उलटही व्हायचं, पण फिल देणारा अधिक होता, असं मला त्या सामन्यांची जुनी चित्रफीत बघताना दर वेळी वाटतं.

आता आकडे. नॉर्थकडून 1982 ते 1989 या आठ हंगामांत फिल 141 सामने खेळला आणि त्याने 224 गोल केले. जिमचे 134 सामने, 229 गोल. म्हणजे भावाभावांत पाच गोलांचा फरक. गोलासमोर ठाण मांडून न बसता मैदानभर पळणाऱ्या गड्याने सामन्यामागे दीडहून जास्त गोल करणं ही मोठी गोष्ट आहे. तरी या आकड्यांत फिलचं निम्मं कामच येतं. आज एखाद्याच्या पासवर गोल झाला की देणाऱ्याच्याही नावावर नोंद होते. ही मोजदाद सुरू व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. गड्याला पकडून पाडणं, म्हणजे टॅकल, याची नोंद 1987 पासून ठेवली जाते. गोलापासून 50 मीटरवरची ती कमानदार रेघ, जिच्या आतल्या हालचालींचा आज काथ्याकूट चालतो, ती मैदानावर आली 1986 मध्ये. फिलची उमेदीची वर्षं जवळजवळ सगळी त्याआधीची. त्या काळी मोजलं जायचं ते किक, मार्क, मुठीने दिलेले पास आणि गोल. मुळात ताब्यातच न घेतलेल्या चेंडूला मारलेली टपली कुठल्या रकान्यात लिहिणार?

बक्षिसांचंही तसंच. सर्वाधिक गोल करणाऱ्याला कोलमन पदक, ते गोलासमोरच्या धिप्पाडांचं. ब्राउनलो पदक पंचांच्या मतांवर ठरतं. पंच असतात चेंडूच्या आसपास, आणि चेंडू जास्त वेळ असतो मैदानाच्या मध्यात. क्रंबर दोन्हीकडून सुटतो. शिवाय सप्टेंबरातला अंतिम सामना फिलच्या नशिबी आलाच नाही. 1983 मध्ये 16 विजय मिळवून नॉर्थ गुणतक्त्यात अव्वल होता, त्याच वर्षी त्यांच्या रॉस ग्लेंडिनिंगला ब्राउनलो पदक मिळालं, आणि बाद फेरीत दोन्ही सामने हरून संघ घरी गेला. पुढची सहा वर्षंही अंतिम सामन्याने हुलकावणीच दिली. मेलबर्नमधल्या माणसाला तीस वर्षांपूर्वीचा खेळाडू आठवतो तो बहुधा सप्टेंबरातल्या त्या एका दुपारीमुळे. ती दुपार नसेल तर आठवणीला खुंटीच राहत नाही.

ती दुपार फिलला मिळाली होती, पण देशाच्या दुसऱ्या टोकाला. पर्थपासून साडेतीनशे किलोमीटरवर, दक्षिण किनाऱ्याजवळ माउंट बार्कर नावाचं छोटं शेतीप्रधान गाव आहे. क्रॅकावर कुटुंब तिथलं, नूंगार आदिवासी. आडनाव मात्र पोलंडच्या क्राकूव शहरावरून आलेलं. एकोणिसाव्या शतकात काळ्या पाण्याच्या शिक्षेवर ऑस्ट्रेलियात पाठवलेला थिओडोर क्रॅकावर नावाचा ज्यू कैदी हा त्यांचा पूर्वज. पुढच्या पिढ्यांत नूंगारांशी सोयरिक झाली. फिल जन्मला तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींना देशाच्या निवडणुकीत सरसकट मत देता येत नव्हतं. तो हक्क 1962 मध्ये आला. गावातून दोघे भाऊ पर्थच्या क्लेअरमाँट क्लबात गेले. ग्रॅहम मॉस या ब्राउनलो विजेत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली क्लेअरमाँटने 1981 मध्ये साउथ फ्रीमँटलला हरवलं आणि 1964 नंतर पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. पुढच्या हंगामात भाऊ मेलबर्नमध्ये होते. पर्थची जमीन वाळूची, पाऊस पिऊन टाकणारी. मेलबर्नच्या उपनगरातल्या जुन्या मैदानांवर जुलैत घोट्याएवढा चिखल. तशा चिखलात चेंडू साबणासारखा निसटतो, आणि तिथेच फिलची टपली जास्त कामाला यायची.

दोघांचा खेळ लोकांनी डोक्यावर घेतला. समालोचक, वार्ताहर सगळे म्हणू लागले, ही जादू आहे, यांना न बघता एकमेकांचं कळतं, हे रक्तातच असतं. कौतुक मनापासूनचं होतं, हे मान्य. पण त्यातून फिलच्या हाती काय पडलं? गोरा खेळाडू असाच पास द्यायचा तेव्हा त्याला अक्कलहुशार म्हणायचे, त्याच्या सरावाची चर्चा व्हायची. दोन नूंगार भावांनी दिला की ती दैवी देणगी. लहानपणापासून एकत्र हजारो वेळा केलेला सराव, समोरच्याच्या खांद्याचा कल वाचणं, उडीच्या आधी अंतराचा अंदाज, हे सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं गेलं. जादूगाराकडून कोणी काही शिकत नाही, त्याला फक्त टाळ्या मिळतात. आणि त्या टाळ्याही दोघांना मिळून. सीन गॉर्मन यांनी चरित्र लिहिलं ते दोघांचं. 2005 मध्ये शतकातला सर्वोत्तम आदिवासी संघ निवडला गेला, त्यात गोलाजवळच्या कोपऱ्यात जिम आहे. फिल नाही. निवड करणाऱ्यांना दोष द्यायचा नाही, माणसं जागांपेक्षा जास्त होती. तरी पाच गोलांच्या फरकासाठी ही दरी मला जरा रुंदच वाटते.

जिम लक्षात राहण्याचं दुसरंही कारण आहे. मैदानावर दोघांना कातडीवरून ज्या शिव्या ऐकाव्या लागत, त्या इथे छापण्याजोग्या नाहीत. प्रतिस्पर्धी द्यायचे, कुंपणापलीकडचे प्रेक्षक द्यायचे. तक्रार कुठे करायची? तसा नियमच नव्हता. जिम हाताने उत्तर द्यायचा, मग लवादापुढे उभा राहायचा, मग बंदी. शिवी देणारा मोकळा. वर्तमानपत्रांना रकाना भरायला तो हमखास उपयोगी पडे. फिल गप्प राहून खेळत राही. त्या गप्प राहण्याची कोणी बातमी केली नाही, आणि त्याची किंमत काय होती हेही तेव्हा कोणी विचारलं नाही.

1989 नंतर नॉर्थने दोघांना सोडलं. जिम सेंट किल्डाकडे गेला, फिल फुट्सक्रेकडे. 1990 मध्ये फिल फुट्सक्रेसाठी 7 सामने खेळला आणि थांबला. जिमला पुढे अमली पदार्थांच्या प्रकरणात लांब तुरुंगवास झाला. 2004 मध्ये तो सुटला. जिमचा मुलगा अँड्र्यू रिचमंड आणि कॉलिंगवूडकडून खेळला, 2011 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम मार्कचा मान त्याने मिळवला आणि मार्च 2025 मध्ये अवघ्या 42 व्या वर्षी तो गेला.

फिल मैदानातून बाहेर पडल्यावर तीन वर्षांनी, एप्रिल 1993 मध्ये, व्हिक्टोरिया पार्क मैदानावर निकी विन्मार या आदिवासी खेळाडूने जर्सी वर करून शिव्या देणाऱ्या प्रेक्षकांना आपल्या कातडीकडे बोट दाखवलं. 1995 मध्ये मायकल लाँग या दुसऱ्या आदिवासी खेळाडूने तक्रार लावून धरली आणि वंशावरून शिवीगाळ करण्याविरुद्ध एएफएलने, म्हणजे हा खेळ चालवणाऱ्या संस्थेने, नियम केला. हा इतिहास सांगताना बहुतेक जण विन्मारपासून सुरुवात करतात. सोयीचं पडतं, छायाचित्र आहे. फिलच्या आठ वर्षांचं असं छायाचित्र नाही. पण 2023 मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात माजी खेळाडूंच्या वतीने एएफएलविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. 1975 पासून 2022 पर्यंत खेळाडूंना जो वंशद्वेष सोसावा लागला त्यापासून संस्थेने त्यांचं रक्षण केलं नाही, असं त्यात म्हटलं आहे. या दाव्यात इतरांच्या वतीने पुढे उभा असलेला प्रमुख वादी आहे फिल क्रॅकावर. इतकी वर्षं न बोललेला माणूस बोलला तो थेट कोर्टात.

1995 च्या त्या नियमात नेमकं काय आहे, तक्रार कोणाकडे जाते आणि सुरुवातीच्या समेटाच्या बैठका का फसल्या, हे पुढच्या आठवड्यात.