चिठ्ठीतले औषध

"म्हणजे माझं औषध चिठ्ठ्या टाकून ठरवणार?" संमतिपत्राचे चौथे पान वाचता वाचता दादाने चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारले. मी तेव्हा सत्तावीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत होते. 'यादृच्छिक' हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याची मोजदाद नाही. पण मिरजेच्या घरात, डोक्यावरचे टाके नुकतेच काढलेल्या सख्ख्या भावासमोर, मला त्याचा अर्थ सांगता आला नाही. "तसंच काहीसं," म्हणून मी चहा ठेवायला उठले. त्या दुपारी जे उत्तर द्यायला हवे होते, ते आज उशिरा लिहिते आहे.

दादाच्या मेंदूतील गाठ ग्लायोब्लास्टोमा जातीची होती. तिला गाठ म्हणणेही तसे अपुरेच. तिच्या पेशी शेतातल्या हरळीसारख्या आजूबाजूच्या निरोगी भागात शिरलेल्या असतात. शल्यविशारद दिसते तेवढे काढतो, मुळ्या राहतातच. त्यातून रक्तातली बरीचशी औषधे मेंदूत शिरूच शकत नाहीत, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार कडक पहारा देतात. हा पहारा ओलांडणारे एक औषध म्हणजे टेमोझोलोमाइड. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातल्या ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधले. युरोप व कॅनडातील 573 रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली आणि 2005 साली निष्कर्ष आले. फक्त किरणोपचार घेतलेल्यांचे मध्यक आयुष्य 12.1 महिने, सोबत टेमोझोलोमाइड घेतलेल्यांचे 14.6 महिने.

"अडीच महिन्यांसाठी एवढा खटाटोप?" दादा म्हणाला होता. तो कापडाचा व्यापारी. नफ्याचा आकडा ऐकला की भांडवल विचारणारा. पण मध्यक हा फसवा आकडा आहे. शंभर रुग्ण आयुष्याच्या क्रमाने रांगेत उभे केले, तर मधल्या माणसाचे काय झाले, एवढेच तो सांगतो. रांगेच्या शेवटाकडे पाहिले, तर दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 10.4 टक्क्यांवरून 26.5 टक्क्यांवर गेले होते. पेशीची दुरुस्ती करणारे एमजीएमटी नावाचे जनुक ज्यांच्या गाठीत निष्क्रिय झालेले असते, त्यांना या औषधाचा लाभ अधिक होतो, हेही त्याच रुग्णांच्या गाठींच्या तपासणीतून पुढे आले. आज दादासारख्याला जी गोळी पहिल्या दिवसापासून मिळते, ती कोण्या 573 अनोळखी माणसांनी चिठ्ठी मान्य केली म्हणून मिळते.

पण चिठ्ठीच का? नवे औषध सगळ्यांना द्यावे आणि जुन्या रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहावे, हे कुणालाही सुचेल. तसे करून काय होते, याचा रिंडोपेपिमट या लशीइतका बोलका दाखला माझ्या माहितीत नाही.

ग्लायोब्लास्टोमाच्या साधारण तीस टक्के रुग्णांच्या गाठीत एका प्रथिनाचे बदललेले रूप आढळते. निरोगी मेंदूत ते नसते. शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला तेवढेच नेमके ओळखायला शिकवणारी ही लस. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत सगळ्यांनाच ती दिली गेली. रुग्ण वीस महिन्यांहून अधिक जगले. जुन्या नोंदींतले त्यांच्यासारखे रुग्ण पंधरा-सोळा महिने. शिवाय गाठ पुन्हा वाढली, तेव्हा अनेकांच्या गाठीतून ते प्रथिन नाहीसे झालेले दिसले. लशीने त्या पेशी टिपून मारल्या, याचा आणखी काय पुरावा हवा?

मग 745 रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना लस, निम्म्यांना लशीत वाहक म्हणून वापरले जाणारे, एका समुद्री गोगलगायीपासून मिळणारे प्रथिन नुसतेच. टेमोझोलोमाइड सर्वांना. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. 2016 साली ती मध्येच थांबवावी लागली. शस्त्रक्रियेनंतर गाठीचा अगदी थोडा अंश उरलेल्या मुख्य गटात लस घेतलेल्यांचे मध्यक आयुष्य 20.1 महिने, न घेतलेल्यांचे 20.0. आणि ते प्रथिन? ते लस न घेतलेल्यांच्या गाठीतूनही निम्म्याहून अधिक जणांत नाहीसे झाले होते. ज्याला आपण पुरावा समजलो, तो रोगाचा स्वतःचाच स्वभाव निघाला.

हा तपशील पहिल्यांदा वाचला, तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते. लस निरुपयोगी ठरली, याचे एक वेळ दुःख. पण लस न घेतलेली माणसेही वीस महिने कशी जगली? उत्तर निवडीत आहे. अशा चाचणीत ज्यांची गाठ जवळजवळ सगळी काढता आली, ज्यांनी किरणोपचार सहन केले आणि त्यानंतरही जिची वाढ झाली नाही, तेच घेतले जातात. दाराशी पोहोचेपर्यंत सगळ्यांत आजारी माणसे गळून गेलेली असतात. जुन्या नोंदींतून त्यांच्यासारखे रुग्ण कितीही काळजीपूर्वक शोधले, तरी ही चाळण पुरती जुळत नाही. चिठ्ठी टाकली की चाळण दोन्हीकडे एकच राहते. बेव्हॅसिझुमॅब या औषधाने तर चित्र आणखी फसवे होते. त्याने एमआरआयवरची गाठ ओसरलेली दिसे, वाढ लांबे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले, की नव्या रुग्णांचे आयुष्य मात्र त्याने वाढले नाही.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने सौम्य व कमी प्रतीच्या मेंदूगाठी असलेल्या 200 मुला-तरुणांना चिठ्ठीनेच दोन गटांत विभागले: एकाला नेहमीचे किरणोपचार, दुसऱ्याला अधिक नेमके. 2017 साली आलेल्या निष्कर्षांत नेमक्या किरणांनी मुलांची बुद्धी आणि संप्रेरके अधिक चांगली राखल्याचे दिसले. तिथे प्रश्न महिन्यांचा नव्हता, शाळेचा होता.

दादाला मी एवढेच सांगायला हवे होते, की चिठ्ठी कुणालाही उपचारांविना ठेवत नाही. नेहमीचे उपचार दोघांनाही मिळतात, आणि नवे ते बरेच असेल, हे कुणालाच ठाऊक नसते. ठाऊक असते तर चिठ्ठी टाकणे अन्यायाचे झाले असते.

सही करायला तो तयार झाला होता. चाचणीआधीच्या एमआरआयमध्ये जुन्या पोकळीशेजारी नवी वाढ दिसली आणि निकषात बसत नसल्याचे डॉक्टरांनी हलक्या आवाजात सांगितले. "म्हणजे चिठ्ठीसुद्धा नाही?" दादाने विचारले. वहिनी खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्या चाचणीचा मध्यक काहीही आला असो, दादाचे सात महिने त्यात नाहीत.

संमतिपत्राची प्रत माझ्याकडे आहे. चौथ्या पानाच्या समासात त्याने पेन्सिलीने लिहिले आहे : 'कुठल्या गटात होतो, ते घरच्यांना नंतर कळवणार का? विचारणे.'