जीर्ण ग्रंथांचे जतन

रेणापूरहून अंबाजोगाई फार दूर नाही. तेथील दासोपंतांची पासोडी आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. बाकीच्यांनी निदान तिचे नाव तरी ऐकले असेल. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा विषय ओवीबद्ध लिहिला. त्याला ४०० वर्षे उलटून गेली. कापड जीर्ण झाले, तरी त्यावरून ग्रंथ वाचून छापता आला. उलट एखाद्या वाचनालयातले १९२० सालचे छापील पुस्तक उघडावे, तर पाने तांबूस झालेली आणि कडा पापडासारख्या मोडणाऱ्या! जुने टिकते आणि त्यामानाने नवे मोडते, हे कसे?

याचे कारण कागदाच्या घडणीत आहे. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद होई, तो चिंध्यांच्या लगद्याचा. कापसाचा तंतू लांब आणि चिवट असतो. म्हणून पोथ्यांचा कागद आणि पासोडीचे कापड ही एकाच कुळातली म्हणावीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. शाई फुटू नये म्हणून त्याला राळ आणि तुरटी यांची खळ देत. त्या तुरटीमुळे कागदात आम्लता येते आणि ती तंतू आतून तोडत राहते. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ही गोष्ट प्रयोगांनी दाखवून दिली. उष्णता आणि ओल यांनी हे काम अधिक वेगाने होते. आणि आपल्याकडे वैशाखात पहिली असते, तर श्रावणात दुसरी.

जुने लेखनिक पोथीच्या शेवटी तिच्याच तोंडी विनंती घालीत : पाण्यापासून, तेलापासून, सैल बांधणीपासून मला राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. ग्रंथरक्षणाचे सारे शास्त्र या विनंतीत आले आहे.

पाण्यासाठी एवढे करावे : कपाट भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावे. हवेतील दमटपणा दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. म्हणून कोरड्या दिवसांत कपाटे उघडून वारा खेळू द्यावा. पुस्तक भिजले तर उन्हात टाकू नये. पानांत टीपकागद घालून ते पंख्याखाली वाळवावे, आणि तेही दोन दिवसांच्या आत. पुढे बुरशी लागते.

तेल म्हणजे हाताचा मळही. हात धुऊन, पुरते कोरडे करून पान उलटावे. बोटाला थुंकी लावू नये.

बांधणीसाठी पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून सुती रुमालात घट्ट बांधावी. मोडकळीस आलेले पुस्तक आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे ठेवावे. कसर आणि वाळवी यांवर मोठा उपाय म्हणजे स्वच्छता आणि दर महिन्याची पाहणी. डांबराच्या गोळ्यांचा भरवसा धरू नये. त्यांची वाफ माणसालाही अपायकारक असते.

चौथा शत्रू मात्र बहुधा प्रेमळ असतो. तो फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावतो. काही वर्षांत पट्टी गळून पडते, डिंकाचा पिवळा डाग कायमचा राहतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ यांनी केलेली दुरुस्ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. जी दुरुस्ती उलटवता येत नाही ती करूच नये, हा या शास्त्राचा पहिला नियम होय.

नाजूक ग्रंथाची छायाचित्रे एकदा काळजीपूर्वक घ्यावीत आणि वाचकांना ती द्यावीत. मूळ प्रत मात्र रद्दीत घालू नये. कागद, बांधणी, समासातल्या नोंदी हाही इतिहासच असतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील ऋग्वेदाची ३० हस्तलिखिते २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत गेली. तसल्या ग्रंथांकडे जगाचे लक्ष असते. पण गावच्या संस्थेचा जुना अहवाल किंवा शेदोनशे प्रती निघालेला व्याख्यानांचा एखादा खंड यांच्याकडे गावाखेरीज कोण पाहणार? कदाचित त्याची उरलेली एकमेव प्रत आपल्याच कपाटात असेल. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी ते कपाट एकदा उघडून पाहावे, एवढीच विनंती.