झोत लांबचा, पाय जवळचा

कळसूबाईचा नाइट ट्रेक. रात्रीचे दोन वाजलेले. आमच्यातला एकजण नवाकोरा टॉर्च घेऊन आलेला, बॉक्सवर ठळक अक्षरांत ‘रेंज २ किमी’. बारी गावातून निघाल्यापासून पठ्ठ्या समोरच्या डोंगरावर झोत मारत होता आणि आम्हीही ‘भारी राव!’ करत होतो. लोखंडी शिडीशी पोचलो तेव्हा त्याच टॉर्चने त्याला पायाशी दाखवला ताटलीएवढा लख्ख पांढरा गोल. भोवती मिट्ट काळोख. पायरी चुकली. मागच्याने सॅक धरली म्हणून घोटा मुरगळण्यावर निभावलं.

तर, टॉर्च घ्यायला निघाला असाल तर थोडं थांबा.

दुकानात पहिला आकडा कानावर पडतो तो लुमेनचा. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो जातो कुठे, हे त्यातून कळत नाही. बागेतला पाण्याचा पाइप आठवा. तोंड मोकळं ठेवलं की पाणी जवळच पडतं, अंगठ्याने दाबलं की तेच पाणी कंपाउंडपलीकडे. टॉर्चमध्ये अंगठ्याचं काम रिफ्लेक्टर करतो. वाटी रुंद, खोल, गुळगुळीत आणि एलईडी बारीक असेल, तर झोत लांब पण अरुंद. वाटी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत असेल, तर उजेड पसरट आणि मऊ.

झोताची तीव्रता मोजतात कँडेलात. गणित सोपं आहे : कँडेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, मीटरमध्ये अंतर मिळतं. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. ४०० मीटर हवेत? मग २०,००० पुरत नाहीत, ४०,००० लागतात. आणि २ किमीला चक्क १० लाख! आमच्या मित्राच्या बॉक्सवर कँडेलाचा पत्ताच नव्हता.

बरं, हे अंतर मोजतात कुठपर्यंत? ‘एएनएसआय एफएल १’ या मानकानुसार, उजेड पाव लक्सवर उतरतो तिथपर्यंत. म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. चांदण्यात समोर कुणीतरी उभंय एवढं कळतं. दगड सुटा आहे की घट्ट, ते नाही कळत. म्हणून छापील आकड्याचा निम्मा, फार तर तेवढाच कामाचा धरा.

माझं मत विचाराल तर चालायला पसरट उजेडाचा हेडलॅम्प प्रत्येकाकडे हवाच. हात मोकळे राहतात आणि पुढची पाच-दहा पावलं नीट दिसतात. लांब झोताचा टॉर्च ग्रुपमध्ये एक, फार तर दोन. दरीपलीकडची वाट शोधायला, मागे राहिलेल्याला खूण करायला तो लागतोच. मिनिटाला सहा वेळा चमकवायचा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा वेळा : डोंगरातली मदतीची ही जुनी खूण सगळ्यांना शिकवून ठेवा. पावसाळ्यात धुकं उतरलं की मात्र कपाळावरचा दिवा उलटतो, डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा तो काढून हातात, कमरेच्या खाली धरा आणि उजेड कमी करा. (आणि काजवे बघायला जाताना तर टॉर्च बंदच ठेवा, प्लीज.)

बॅटरीतही फसवणूक चालते. १८६५० आकाराच्या सेलवर ९,९०० एमएएच छापलेलं दिसलं, तर तो तिथेच ठेवा. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्येही साधारण ३,५०० च्या आसपासच मावतात.

ट्यूबलाइटखाली, दुकानाच्या काउंटरवर सगळेच टॉर्च झकास दिसतात. घेतलेला परत करता येईल का ते आधी विचारा आणि रात्री गच्चीवर जा. एकदा लांबच्या पाण्याच्या टाकीवर झोत मारा, एकदा स्वतःच्या पायाशी. मग जिना उतरून बघा, फक्त त्याच उजेडात. शेजारच्या काकांच्या खिडकीत तेवढा मारू नका.