अमेरिकन फुटबॉल : स्वखर्चाने संघात, कर्तृत्वाने शिष्यवृत्तीपर्यंत

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांमध्ये प्रत्येक खेळाडूला शिष्यवृत्ती मिळतेच असे नाही. लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळल्या जाणाऱ्या या खेळात, शिष्यवृत्तीविना स्वखर्चाने शिकत संघात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याला ‘वॉक-ऑन’ असे म्हणतात.

ही प्रथा रुजण्यामागे नियमांचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजेच एनसीएएने, १९७३ मध्ये फुटबॉल शिष्यवृत्तींवर १०५ ची मर्यादा घातली. पुढे ती ९५ आणि १९९० च्या दशकात ८५ वर आली. संघात मात्र त्याहून अधिक खेळाडू ठेवता येत असत. ही उणीव भरून काढण्यासाठी विद्यापीठांनी वॉक-ऑन योजनेकडे लक्ष वळवले.

नेब्रास्का विद्यापीठ हे याचे ठळक उदाहरण होय. विरळ लोकवस्तीच्या या राज्यात प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी १९७३ ते १९९७ या काळात गावोगावच्या शाळांमधील होतकरू मुलांना संघाची दारे खुली केली. १९९४, १९९५ आणि १९९७ मध्ये संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. नेब्रास्काचेच माजी खेळाडू बॅरी अल्वारेझ यांनी १९९० पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात हाच मार्ग अनुसरला.

वॉक-ऑन खेळाडू बहुधा सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याची भूमिका वठवतो. त्याच्या खेळामुळे मुख्य संघाची तयारी होते. प्रत्यक्ष सामन्यात मात्र त्याला क्वचितच संधी मिळते. म्हणूनच योजनेचे यश दोन गोष्टींवर अवलंबून असते : सराव, आहार व वैद्यकीय सेवेत समान वागणूक, आणि रिकाम्या होणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी गुणवत्तेचा निःपक्ष निकष. शिष्यवृत्ती मिळाल्यास शिक्षण शुल्क, निवास, भोजन व पुस्तकांचा भार उतरतो. सामान्य कुटुंबाला हा मोठाच आधार असतो.

जे. जे. वॉट यांनी विस्कॉन्सिनमध्ये अशीच शिष्यवृत्ती मिळवली व २०११ मध्ये ते व्यावसायिक एनएफएलमध्ये दाखल झाले. वॉक-ऑन म्हणून सुरुवात करणारे बेकर मेफिल्ड २०१७ च्या हाइसमन पुरस्काराचे मानकरी ठरले. आर्कान्सा विद्यापीठाचे दिवंगत वॉक-ऑन खेळाडू ब्रँडन बर्ल्सवर्थ यांच्या नावाने अशा खेळाडूंसाठी २०१० पासून स्वतंत्र पुरस्कारही दिला जातो.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने हे गणित पालटले. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्तींच्या संख्येवरील मर्यादा उठली. मात्र संघच १०५ खेळाडूंपुरता सीमित झाला. या मर्यादेमुळे स्थान गमावलेल्या खेळाडूंना सवलत मिळाली असली, तरी नव्याने येणाऱ्यांसाठी दार अरुंद झाले आहे. पूर्वी जागा होत्या, पण शिष्यवृत्ती दुर्मीळ होती. आता सर्वांना शिष्यवृत्ती देण्याची मुभा असली, तरी सरावासाठी मैदानावर उतरण्याची पहिली संधीच दुर्मीळ होत चालली आहे.